पांढऱ्या साडीवालीचं रील आणि आमची अळवंतीण

सकाळी सकाळी भाच्याने रील पाठवलं. ‘कोकणातला सगळ्यात हॉन्टेड रोड’. रात्रीचा घाट, गाडीचे हेडलाइट, ढणाणा म्युझिक आणि वळणावर पांढऱ्या साडीतली बाई. खाली त्याचा मेसेज, ‘आत्या, फाटली की नाही?’

फाटली नाही रे. डोकं फिरलं.

ही पांढरी साडीवाली आमची नाहीच मुळी! लिफ्ट मागणारी असली बाई शिकागोच्या आर्चर अव्हेन्यूवरही सांगतात, तीही पांढऱ्याच कपड्यात. कुठल्याही घाटात नेऊन चिकटवा, चालते. आमच्याकडे मेलेल्या माणसाला नाव असायचं, झाड असायचं, मरणाचं कारण असायचं. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा तो मुंजा, त्याला पिंपळ. बाळंतपणात गेलेली ती अळवंतीण.

आमच्या वाटेवर एक चिंच होती. तिन्हीसांजेला आजीबरोबर तिथून यायचं म्हणजे माझी मूठ तिच्या पदराला गच्च. आजी चिंचेपाशी थांबायची. पदराची गाठ सोडून एक सुपारी काढायची, खोडाशी ठेवायची आणि म्हणायची, ‘गो बाय, येतंव हां आमी.’ बस्स. ना मंत्र, ना उतारा. चिंचेवरची ती अळवंतीण आजीची मैत्रीण होती. पहिलटकरीण, भर पावसात डोलीतून दवाखान्यात नेताना वाटेत गेली, त्याच चिंचेखाली. आजी तिला नावाने हाक मारायची. नाव इथे लिहीत नाही, तिच्या माहेरची माणसं अजून गावात आहेत.

हो, माहितीये मला. ‘झपाटलंय’ म्हणून बायकांना झोडपलंय, मिरच्यांची धुरी दिलीय. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही आला. मान्य. पण सुपारी ठेवणारी माझी आजी आणि बाईला झोडपणारा भगत एका पारड्यात घालू नका.

आणि रात्रीच्या वाटेवर राखणदारही असतो, हे रीलवाल्यांना कोण सांगणार? वेंगुर्ल्याजवळ आरवलीला जाऊन या एकदा. वेतोबाला केळ्यांचे घड आणि चामड्याचे भलेमोठे जोडे वाहतात. देव रात्री गावची फेरी मारतो म्हणून ते झिजतात, असं लोक सांगतात. वेतोबा म्हणजे भुतांचा राजा वेताळ, आणि रात्रपाळीचा पहारा त्याच्याकडेच! आहे का असलं काही तुमच्या ढणाणा म्युझिकमध्ये?

बरं, त्या घाटात खरीखुरी माणसं गेलीत, अपघातात. त्यांचे आईबाप बघत असतील ना हे रील? पण व्ह्यूज मोजताना कोणाला सुचतंय.

जाऊ दे. पोरगा पंधरा वर्षांचा आहे, त्याच्यावर काय ओरडायचं. मी तरी कधी सांगितलं त्याला? रस्ता रुंद झाला, चिंच गेली, आता आम्ही काचा वर करून, एसी लावून ऐंशीच्या स्पीडने तिथून जातो. सुपारीबिपारी कुठली.

दुपारी शेवटी त्याला फोन केला. सगळं सांगितलं, डोलीसकट, सुपारीसकट. म्हटलं आता खिदळेल. खिदळला नाही. जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘आत्या, आणि तिचं बाळ?’

इतक्या वेळा त्या चिंचेखालून गेले, आजीला हे विचारलंच नाही कधी.