दुप्पट जागा, पण रुग्ण किती?

इंदूरमधल्या एका खासगी विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान महाविद्यालयाने आपल्या वर्षभराच्या वाढीचा आढावा नुकताच प्रसिद्ध केला. नवे अभ्यासक्रम, वाढवून मिळालेल्या जागा, नवी सिम्युलेशन लॅब (पुतळ्यांवर सराव करण्याची प्रयोगशाळा), रुग्णालयांशी झालेले करार असा त्याचा मजकूर आहे आणि कोणतीही संस्था स्वतःविषयी लिहिताना जेवढी फुशारकी मारते तेवढीच त्यात आहे. त्या आढाव्यातली छायाचित्रे उचलून कोणीतरी पाच मुद्द्यांचा एक संदेश तयार केला आणि तो आता रामबागेपासून सुदामानगरपर्यंतच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. माझ्या धाकट्या भावाने तो मला पाठवला, खाली ‘ताई, हिचे इथेच नक्की करू या’ एवढी ओळ लिहून. ‘ही’ म्हणजे माझी भाची. जीवशास्त्र घेऊन बारावी झालेली, नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण न मिळालेली आणि म्हणूनच अशा संदेशांचे हमखास गिऱ्हाईक ठरणारी. सरकारी रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीची सगळी वर्षे काढल्यामुळे तो संदेश वाचून गप्प बसणे मला जमले नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: जागा दुप्पट झाल्या, म्हणजे नोकरी पक्की. फिजिओथेरपी किंवा ऑप्टोमेट्री (नजर तपासण्याचे शास्त्र) केली की नावामागे ‘डॉ.’ लावून दवाखाना टाकता येतो. नव्या लॅबमुळे आता रुग्णालयात जाण्याची गरज उरलेली नाही. प्रॅक्टिकल पुतळ्यांवर होते आणि थिअरी घरबसल्या. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेच्या घोटाळ्यानंतर सीबीआयने सगळी महाविद्यालये तपासलेली असल्यामुळे आज चालू असलेले प्रत्येक महाविद्यालय खात्रीचे आहे. आणि २०२१च्या कायद्यामुळे पदवी हाती पडताच नोंदणी आपोआप होते.

तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या मुद्द्यांनी पालकांचे पैसे जातील, पण या मुद्द्याने रुग्णांचा जीव जाऊ शकतो. रक्त घेणे हे आमच्या क्षेत्रातले अगदी प्राथमिक काम समजले जाते, आणि पुतळ्याच्या रबरी हातावर ते एका दुपारी शिकताही येते. त्या हाताची शीर मात्र नेहमी एकाच जागी असते, तो हात थरथरत नाही, त्याला जुना मधुमेह नसतो, आणि सुई टोचल्यावर त्याची आई मागून रडत नाही. खऱ्या वॉर्डात शीर सापडेना म्हणून टूर्निकेट, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा, मिनिटापेक्षा जास्त वेळ बांधून ठेवला, किंवा बारीक सुईने जोर लावून रक्त ओढले, तर नमुन्याचे मोजमाप बिघडते. तांबड्या पेशी फुटून त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येते आणि अहवालात तो आकडा खोटाच चढतो.

रक्त भरायच्या नळ्यांच्या क्रमाचेही तसेच आहे. निळ्या झाकणाची, सायट्रेट हे रक्त गोठू न देणारे रसायन असलेली नळी आधी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, त्यानंतर जांभळी आणि शेवटी करडी, हा क्रम कोणाच्या लहरीने ठरलेला नाही. जांभळ्या नळीतले ईडीटीए हेही रक्त गोठू न देणारे रसायन; ते बहुतेक वेळा पोटॅशियमचा क्षार असते आणि ते कॅल्शियम बांधून ठेवते. जांभळी नळी आधी भरली, आणि तिचा अंश सुईवाटे लाल नळीत गेला, किंवा नळी कमी भरली म्हणून एखाद्या शिकाऊ मुलाने एका नळीतले रक्त दुसरीत ओतले, तर पोटॅशियम भयंकर वाढलेले आणि कॅल्शियम घसरलेले दिसते. पोटॅशियम ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवे. ते ७ दिसले की ड्यूटीवरचा डॉक्टर हृदय बंद पडण्याच्या भीतीने धावतो, आणि रुग्णाला तर काहीच झालेले नसते. निळ्या नळीत एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त लागते. ती अर्धवट भरली तर रक्त गोठण्याची वेळ लांबलेली येते आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा डोस चुकीच्या आकड्यावर ठरतो.

पावसाळा संपता संपता इंदुरात डेंग्यूचे रुग्ण वाढले की प्लेटलेटचे आकडे घरोघर पाठ होतात, म्हणून हे एक उदाहरण आवर्जून देते. काही माणसांच्या रक्तात ईडीटीएमुळेच प्लेटलेटचे पुंजके होतात, आणि यंत्र त्या पुंजक्यांना प्लेटलेट म्हणून मोजत नाही. यंत्रावर वीस हजार येतात. स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की कडेला पुंजकेच पुंजके दिसतात, आणि सायट्रेटच्या नळीत पुन्हा नमुना घेतला की आकडा लाखाच्या वर जातो. ही स्लाइड पाहायला हवी, हे ज्याला सुचते तो तंत्रज्ञ. ज्याला सुचत नाही तो नुसता बटण दाबणारा. हे सुचणे शेकडो खऱ्या नमुन्यांमधून येते, आणि खरे नमुने खऱ्या रुग्णांकडूनच मिळतात. सिम्युलेशन लॅब निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. पहिली सुई माणसाऐवजी पुतळ्याला टोचली गेली तर रुग्णांचे भलेच आहे. पण ती वॉर्डाच्या आधीची पायरी आहे, वॉर्डाची जागा घेणारी सोय नव्हे. गंमत म्हणजे मूळ आढाव्यातही असे कुठेही म्हटलेले नाही. तिथे लॅबच्या छायाचित्राशेजारीच रुग्णालयांतल्या क्लिनिकल पोस्टिंगचा, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष शिक्षणाचा परिच्छेद आहे, आणि संदेश करणाऱ्याने तेवढाच कापून टाकला आहे.

आता घरबसल्या थिअरीविषयी. ज्या कायद्याचा हवाला हा संदेश देतो, तो राष्ट्रीय सहबद्ध व स्वास्थ्य देखरेख वृत्ती आयोग कायदा, २०२१ (लॅब तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट अशा डॉक्टर-परिचारिकांखेरीजच्या आरोग्य व्यवसायांचा), उघडून पाहिला असता तर हा मुद्दा लिहिण्याचे धाडसच झाले नसते. या कायद्यानुसार ‘सहबद्ध आरोग्य व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांची, दोन ते चार वर्षांत विभागलेली पदविका किंवा पदवी लागते, आणि ‘स्वास्थ्य देखरेख व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची पदवी लागते. रोज सहा तास धरले तरी ३,६०० तास म्हणजे ६०० पूर्ण दिवस होतात. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम, मानसशास्त्रासह, मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली आहे. तेव्हा घरबसल्या मिळणारी अशी पदवी कोणी विकत असेल, तर तिचा दाखला आधी हातात घेऊन पाहावा.

जागा दुप्पट झाल्याचा आनंदही याच हिशेबात तपासावा लागतो. नर्सिंगचे उदाहरण घ्या, कारण तिथले निकष पालकांनाही समजण्याजोगे आहेत. भारतीय परिचर्या परिषद महाविद्यालयाकडे स्वतःचे १०० खाटांचे मूळ रुग्णालय मागते आणि वॉर्डात दर विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत असे सांगते. साठ जागांच्या महाविद्यालयात चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी होतात. एका वेळी त्यांतले निम्मेच वॉर्डात आहेत असे धरले, तरी ३६० रुग्ण दाखल असायला हवेत. खाटा नव्हेत, रुग्ण. जागा दुप्पट केल्यावर हेच ७२० होतात, आणि तेवढे रुग्ण कुठून आणणार याचे उत्तर नसेल, तर चार विद्यार्थी एकाच पलंगाभोवती उभे राहून पाचव्याला ड्रेसिंग करताना पाहतात आणि लॉगबुकात पाचही जण ‘केले’ अशी नोंद करतात. आमच्या या गावात १८७८ साली मेडिकल स्कूल निघाले तेसुद्धा रुग्णालयाला जोडूनच. आधी रुग्ण आणि मग विद्यार्थी, हा क्रम तेव्हाच्या लोकांना सांगावा लागला नव्हता.

सीबीआयच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने ३०८ नर्सिंग महाविद्यालये तपासली, आणि त्यांपैकी १६९ योग्य, ७३ त्रुटी असलेली व ६६ अयोग्य असल्याचे सांगितले. पण गोष्ट इथे संपत नाही. मे २०२४मध्ये तपासणी करणाऱ्या पथकातल्याच अधिकाऱ्यांना, अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून, सीबीआयने अटक केली आणि त्यानंतर न्यायालयाने ‘योग्य’ ठरलेल्या १६९ महाविद्यालयांचीही फेरतपासणी करायला लावली. ज्या शिक्क्याच्या भरवशावर हा संदेश शंभर टक्के खात्री देतो, त्या शिक्क्याची ही कथा आहे. त्यातही ती तपासणी नर्सिंगची होती. फिजिओथेरपी, रेडिओलॉजी किंवा लॅब टेक्नॉलॉजीच्या अभ्यासक्रमांना तिच्यामुळे कसलेही प्रमाणपत्र मिळत नाही.

‘डॉ.’ लावण्याच्या हौसेवर फार शब्द खर्च करण्याची इच्छा नाही. फिजिओथेरपिस्टांनी ते लावावे की नाही, याविषयी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सप्टेंबर २०२५मध्ये मनाईचे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले, इतका तो वाद कच्चा आहे. नावामागे काहीही लागले, तरी ऑप्टोमेट्री शिकलेला माणूस मोतीबिंदू काढू शकत नाही आणि फिजिओथेरपिस्ट प्रतिजैविके लिहू शकत नाही. नोंदणी नसताना आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय केला, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. फिजिओथेरपी हा स्वतःच्या पायावर उभा असलेला, मानाचा व्यवसाय आहे. त्याला डॉक्टरीची मागची खिडकी म्हणून विकणे हा त्या व्यवसायाचाच अपमान आहे.

नोकऱ्या आहेत, हे खरे. करोनाच्या लाटांमध्ये व्हेंटिलेटर होते पण ते चालवणारी शिकलेली माणसे नव्हती, हे सगळ्यांनी पाहिले, आणि आजही चांगला रेडिओलॉजी किंवा डायलिसिस तंत्रज्ञ सहसा रिकामा बसत नाही. पण ‘चांगला’ हा शब्द संदेशात नाही. नोकरी जागांच्या संख्येला मिळत नाही. मुलाखतीत हातात नमुना देऊन ‘करून दाखव’ म्हटल्यावर जो करून दाखवतो त्याला मिळते.

आपोआप नोंदणी हा तर निव्वळ शोध आहे. राज्याच्या परिषदेकडे प्रत्येकाने स्वतः अर्ज करायचा असतो, आणि तो मान्य होण्यासाठी अभ्यासक्रम आणि महाविद्यालय दोन्ही मान्यताप्राप्त असावे लागतात. म्हणून मान्यता कोणत्या वर्षासाठी आणि किती जागांसाठी आहे, हे पत्र शुल्काचा पहिला हप्ता भरण्याआधी भावाने लेखी मागावे आणि त्याच कागदावर वॉर्ड कोणत्या रुग्णालयाचा व आठवड्याचे किती तास हेही लिहून घ्यावे.

संदेशाच्या शेवटी ‘प्रवेशासाठी संपर्क’ म्हणून एक मोबाइल क्रमांक आहे. मी महाविद्यालयाच्या कार्यालयात फोन केला, तेव्हा तो क्रमांक आमचा नाही आणि हा मजकूरही आमचा नाही, असे तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितले. मग तसा खुलासा का प्रसिद्ध करत नाही, असे विचारल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘मॅडम, सध्या प्रवेश चालू आहेत ना.’’