पुठ्ठ्याचा खांब

शाळेतून 'घरातल्या टाकाऊ वस्तू वापरून' अशा शब्दांनी सुरू होणारी चिठ्ठी आली की समजावं, आता दुकानात जायचंय. कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या बर्नाबीतल्या आमच्या घरी तिसरीतल्या चिमीच्या दप्तरातून अशीच चिठ्ठी निघाली. पुठ्ठ्याच्या नळ्या एकावर एक चिकटवून आपल्या घराण्याचा टोटेम पोल, म्हणजे प्राण्यांच्या आकृत्या कोरलेला खांब, करायचा आणि त्यावरच्या प्रत्येक आकृतीचा अर्थ वर्गात सांगायचा. नळ्या म्हणजे टॉयलेट पेपरच्या पोटातल्या. त्या प्रत्येक घरात आपोआप तयार होतात हे खरं, पण शुक्रवारी सांगून सोमवारपर्यंत होत नाहीत. एरवी काटकसरीवर व्याख्यान देणारी आमची बायको त्या शनिवारी बाथरूमच्या दारावर टकटक करून "सढळ हाताने वापरा" असं ओरडत होती.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईचा या वस्तूशी तात्त्विक वाद आहे. त्यात नळ्या जेवणाच्या टेबलावर मांडलेल्या दिसल्यावर तिने पोळीचं ताट उचललं आणि ती सोफ्यावर जाऊन बसली. "अरे, ते कुठून आलंय याचा तरी विचार कर!"

चिमीची यादी तयार होती. वर युनिकॉर्न, मध्ये पांडा, खाली आमच्या शेजाऱ्यांचा कुत्रा. "अर्थ काय सांगणार?" मी विचारलं. "क्यूट आहेत," ती म्हणाली. एवढ्यावर शाळेत भागणार नाही हे मला कळत होतं, म्हणून रविवारी सगळे व्हँकुव्हरच्या स्टॅन्ली पार्कात गेलो. ब्रॉक्टन पॉइंटला ते उंच खांब ओळीने उभे आहेत आणि त्यांच्यासमोर सेल्फीवालेही. तिथे चिमी झटपट शिकली. सरळ चोच तो कावळा, म्हणजे रेव्हन; वाकडी चोच तो गरुड; पुढचे दोन मोठे दात आणि चौकटी-चौकटींचं शेपूट म्हणजे बीव्हर; पाठीवर उंच पर असेल तर ओर्का, म्हणजे किलर व्हेल. आईने एक बीव्हर बराच वेळ निरखला आणि म्हणाली, "अगदी आपले भाऊकाका."

माझी पंचाईत पाट्या वाचताना झाली. व्हँकुव्हर ही मुळात मस्क्विम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वॉटुथ लोकांची भूमी. त्यांच्याकडे कोरीव घरखांब होते, पण असे उंच सुटे खांब उभारायची रीत उत्तरेकडच्या किनाऱ्यावरची. इथले सुरुवातीचे खांब 1920 च्या दशकात उत्तरेकडच्या अलर्ट बे भागातून आणलेले. आता उभे आहेत त्यांतले बरेचसे नव्याने कोरलेले. आणि मुख्य गोष्ट अशी, की खांबावरचा प्राणी आवडला म्हणून कोरलेला नसतो. तो एका घराण्याचा हक्क असतो. त्या प्राण्याची आणि पूर्वजाची गाठ कशी पडली ही कथासुद्धा त्या घराण्याच्याच मालकीची, दुसऱ्याने ती परस्पर सांगायची नाही. रेड सीडर नावाच्या झाडाच्या खोडावर ते सगळं कोरून गावासमोर जाहीर करायचं. युनिकॉर्नची केस तिथेच निकालात निघाली.

"मग आपला कोण?" चिमीने गाडीत विचारलं.

आईने हा प्रश्न ऐकण्यासाठीच विमानप्रवास केला असावा. "आपलं देवक कळंब!" इंग्रज अधिकाऱ्यांनीही आपल्या देवकांची नोंद टोटेम म्हणूनच केली आहे, तेव्हा हे उत्तर अगदीच हवेतलं नव्हतं. लग्नात आपण कळंबाची फांदी पूजतो, एका देवकात सोयरीक करत नाही, वगैरे आजीने रंगवून सांगितलं. मी म्हणालो, उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या हायडा लोकांतही तसंच आहे: रेव्हन आणि गरुड असे दोन गट, आणि लग्न पलीकडच्याच गटात. आई खूश झाली. तेवढ्यात बायको फोनवरून मान वर न करता म्हणाली, "पण हायडांमध्ये गट आईकडून येतो. त्लिंगिट आणि निस्गा लोकांतही. म्हणजे चिमीचं देवक मोरपीस. माझं."

घरी पोचेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. खांबाची रचना शेवटी तहाने ठरली. वर मोर, खाली कळंब. खाली म्हणजे कमी, असं आईला वाटून ती फुगली होती. वरचा मोठा आणि खालचा लहान असा काही नियम नाही, उलट खालच्या आकृत्या लोकांच्या डोळ्यांसमोर असतात, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. खालची नळी तिने स्वतः रंगवली. हातमोजे घालून.

रात्री ग्लू गनने बोट भाजून घेत मी वाचत बसलो होतो. खांब उभारला की मेजवानी, म्हणजे पॉटलॅच. आलेले पाहुणे साक्षीदार, आणि जे पाहिलं ते लक्षात ठेवण्याबद्दल यजमानच त्यांना भेटी देतो. आपल्या आहेराच्या वहीसारखंच, फक्त उलट्या बाजूने. कॅनडा सरकारला हे वाटून टाकणं इतकं खुपलं की 1884 मध्ये कायदा करून पॉटलॅचवर बंदी आणली. ती 1951 पर्यंत टिकली. त्या काळात खांबही गेले. निस्गा लोकांचा एक अकरा मीटरचा स्मृतिस्तंभ 1929 साली, घरची माणसं मासेमारी-शिकारीसाठी बाहेर असताना नेला गेला आणि एडिंबराच्या संग्रहालयात पोचला. तो परत मिळवायला त्यांना 2023 उजाडावं लागलं. हे वाचताना आमच्या हातातला मोर तीनदा कोसळला, त्याची तक्रार मी करणार नव्हतो.

साक्षीदारांचा नियम चिमीने मात्र मनावर घेतला. सोमवारी आजीने भरून दिलेला चिवड्याचा डबा तिने वर्गात फिरवला. खांब वाकडा होता याची साक्ष आता एकही मूल देणार नाही.

एक नळी उरली होती. मी चिमीला अलास्कातल्या सॅक्समनच्या खांबाची गोष्ट सांगून बसलो होतो. अमेरिकेने 1867 मध्ये रशियाकडून अलास्का 72 लाख डॉलरना विकत घेतला, तो विल्यम सीवर्ड या मंत्र्याने. दोन वर्षांनी तो तिथे गेला, त्लिंगिट लोकांनी त्याचा थाटात पाहुणचार केला, भेटी दिल्या. त्याने परतफेड म्हणून काहीच केलं नाही. मग त्यांनी त्याची लाज काढणारा खांब उभारला. नाक आणि कान लालभडक.

पुढच्या व्हिडिओ कॉलवर चिमीने उरलेली नळी टोरांटोच्या मामाला दाखवली. चष्मा, टक्कल, लाल नाक, लाल कान.

"हा कोण गं?" मामाने विचारलं.

"तू. दिवाळीत सायकल देणार म्हणाला होतास."

मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कुठल्या रंगाची हवी?"

"लाल सोडून."