अलॉय व्हील आणि आगंतुक काका

नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या एका टायरच्या दुकानात परवा माझा जो पाणउतारा झाला, त्याचा राग अजून पुरता निवलेला नाही. माझ्या स्विफ्टचे इंजिन टर्बोविना, म्हणजे जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याविना, असल्यामुळे रीमॅपिंगवर, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलून ताकद वाढवण्यावर, पैसे ओतून फारसे काही हाती लागणार नव्हते आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवावा तर कायदा आडवा येत होता. त्यामुळे सगळी हौस अलॉयच्या, म्हणजे मिश्रधातूच्या, चाकांवर एकवटली होती. कंपनीच्या १८५/६५ आर १५ टायरऐवजी (रुंदी मिलिमीटरमध्ये, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) १९५/५५ आर १६ घेतले, तर रिम एक इंचाने वाढूनही चाकाचा एकूण व्यास एक मिलिमीटरनेसुद्धा बदलत नाही आणि स्पीडोमीटर पूर्वीइतकाच खरा राहतो, हे गणित मी चार होल, १०० पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये) अशा तपशिलांसह कागदावर मांडून नेले होते.

दुकानदार तो कागद वाचत असतानाच, ॲक्टिव्हाचे पंक्चर निघेपर्यंत प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या एका काकांनी हात पुढे केला आणि तपासायला आलेली उत्तरपत्रिका घ्यावी तसा कागद स्वतःकडे घेतला.

"व्यास तोच राहणार?"

"हो, जवळजवळ तोच."

"मग नवीन काय घेताय?"

वळणावर पकड सुधारते, असे मी सांगू लागलो.

"वळण कुठलं?"

"कसारा घाट."

"तो तर उतार. उताराला गाडी आपोआप पळते."

"काका, येताना चढ असतो."

"घरी यायची एवढी कसली घाई?"

दुकानदार हसला. जो माणूस माझे पैसे घेणार होता, त्याने निदान माझ्या बाजूने हसायला हरकत नव्हती.

मग काकांनी भिंतीला टेकवलेल्या टायरच्या कडेवर अंगठा आडवा ठेवला आणि जाहीर केले, "इथलं तेरा मिलिमीटर रबर जाणार. मग खड्डा कोण खाणार? रिम!" हा हिशेब माझ्याच कागदावर, १२० वरून १०७ असा स्वच्छ लिहिलेला होता, पण काकांनी तो मोठ्याने वाचताच तो त्यांचा शोध ठरला. शिवाय २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात जागोजागी रस्ते खणलेले असल्याचे त्यांनी मला अशा सुरात सांगितले, जणू मी रोज सातपूरला विमानाने जातो. रस्त्याचा कर भरायचा माणसाने आणि रिमचा आकार मात्र खड्ड्याला विचारून ठरवायचा, या व्यवस्थेबद्दल काकांना काहीच म्हणायचे नव्हते. त्यांचा आक्षेप फक्त माझ्यावर होता.

शेवटी दुकानदाराने मला नव्हे, काकांना विचारले, "मग, साहेबांना काय दाखवू?"

"हवा भर," काका म्हणाले.

आणि दुकानातल्या पोराने खरोखरच चारही चाकांत हवा भरली. तिचे पैसे मी दिले.

अलॉय मी घेणारच आहे. फक्त आता द्वारकेच्या बाजूला असे एखादे दुकान शोधतो आहे, जिथे गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची नसेल.