मुलीच्या नावातली नाव

पुतणीच्या मुलीचं बारसं तोंडावर आलंय आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच रणकंदन: कियारा-मायरा नको, नावाला संस्कृत अर्थ हवा. तेवढं मी गिळलं असतं. पण दादाने मलाच डिवचलं, ‘तुझ्या लेकीचं नाफ्सिका तरी ग्रीक कुठलं? मूळ आपलंच, नौशिखा!’

नाही रे दादा. होमरच्या ‘ओडिसी’तल्या राजकन्येचं नाव ते. त्यातलं ‘नाउस’ म्हणजे जहाज. आपलं ‘नौ’ त्याचं भावंड आहे, आई नव्हे. पुढच्या तुकड्याचा अर्थ ‘वरचढ ठरणं’ असा बरेच जण लावतात, म्हणजे जहाजांमुळे नावाजलेली. तिच्या गोतावळ्याची नावंही तसलीच. नाउतेउस म्हणजे खलाशी, एरेत्मेउस म्हणजे वल्हेवाला. आपल्या किनाऱ्यावर तांडेल आडनाव असतं ना, तसं. आणि मराठीत तर माणसाचं नाव आणि पाण्यातली नाव एकच शब्द! अर्थ-अर्थ करणाऱ्यांपैकी एकालाही हे सुचलं नाही.

इथे ग्रीसमध्ये, पिरेअस बंदरात, असली भांडणं नसतात, असं ठणकावून लिहिणार होतो. खोटं पडलं असतं. इथे रीतीप्रमाणे पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, विषय संपला. बाप्तिस्म्यापर्यंत पोर नुसती ‘बेबा’. नाफ्सिका नावाची संत नाही, म्हणून आमच्या लेकीचा नामदिवस, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा सण, सर्व संतांच्या रविवारी, सगळ्या बिनसंतांच्या गर्दीत. सासूबाईंना ते अजून खुपतं. पण अर्थाचा कीस कुणी काढत नाही, एवढं मात्र कबूल करा.

त्याच सासूबाईंनी बाळंतपणाआधी विचारलं होतं, ‘तुझ्या आईचं नाव काय?’ म्हटलं, यमुना. त्यांनी लगेच म्हणून पाहिलं, अगदी स्वच्छ. मीच घाईने म्हणालो, नको, शाळेत चिडवतील. त्यांच्याच बाल्कनीत, फ्रेडो (गार कॉफी) संपायच्या आत, मी नाफ्सिका सुचवलं. होमरच्या गोष्टीत समुद्रातून उघडावाघडा वर आलेला परका बघून बाकीच्या मुली पळाल्या, ही एकटी जागची हलली नाही. मला ती गोष्ट आपली वाटली होती.

आमच्या घरातही आजीचं नाव नातीला ठेवायचे, हे दादाने ग्रुपवर काढलं नाही. विसरला असेल. किंवा मला सांभाळून घेतलं असेल.

आईला फोनवर ‘नाफ्सिका’ तीनदा फोड करून सांगावं लागलं. तरी नीट म्हणता आलं नाही तिला.