बकफास्टला नुसता 'वाटेत लागलेला मठ' म्हणू नका!

इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावरची भटकंती तुमच्या लेखात छान लिहिलीत, पण तिथली बकफास्ट अॅबी (ख्रिस्ती साधूंचा मठ) 'वाटेत लागलेला मठ' म्हणून दोन ओळींत उरकलीत, तेवढं खटकलं. मठ मूळ १०१८ सालचा. राजा आठव्या हेन्रीने १५३९ मध्ये तो बंद पाडला आणि १८८२ मध्ये फ्रान्समधून आलेल्या बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंनी पुन्हा वसवला. आजचं चर्च त्याच साधूंनी स्वतः दगड रचून बांधलंय! एका वेळी जेमतेम चार-सहाजण कामावर, त्यामुळे तीसेक वर्षं लागली. हे माहीत झाल्यावर मी भिंतीला हात लावून सांधे बघत बसले, नवरा वैतागला.

दुकानाबद्दल तर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. युरोपभरच्या मठांत साधू-साध्वींनी केलेल्या वस्तू तिथे मिळतात. मी हेदरच्या (माळरानावरचं जांभळ्या फुलांचं झुडूप) फुलांच्या मधाची बरणी घेतली. आपल्या महाबळेश्वरच्या मधासारखा तो ओघळत नाही, जेलीसारखा थरथरतो. चमचा उभा राहतो. चव किंचित कडसर, सगळ्यांना आवडेलच असं नाही. मधमाश्यांची प्रसिद्ध बकफास्ट जात इथलेच साधू ब्रदर अॅडम यांनी तयार केलेली. १९१६ च्या सुमारास रोगाने पोळीच्या पोळी मेली, तगल्या त्या बहुतेक इटालियन राणी माश्यांच्या वंशातल्या. त्यावरून त्यांनी संकर सुरू केला आणि सत्तरेक वर्षं तेच केलं.

बकफास्टच्या नावाची टॉनिक वाइन मात्र नावावर जाऊन औषध समजून घेऊ नका, चांगली १५ टक्के अल्कोहोलची असते. सासूबाईंसाठी घेणार होते, लेबल वाचलं म्हणून वाचले.