अर्धा किलो बर्फी, २२ दारं

"अर्धा किलो पुरते," असं मी म्हणालो, तिथंच चुकलं.

सौ. सांगत होती, "अहो, लोकायच्या घरी राहायला चाललो, दोन किलो तरी घ्या." पण विमानात वजनाची कटकट, आणि बोर्नियोच्या जंगलातल्या माणसांना आपल्या संत्राबर्फीचं काय कौतुक, असा माझा हिशेब. नागपूरहून मुंबई, मग क्वालालंपूर, मग कुचिंग, तिथून मोटारीनं चार-पाच तास बतांग आई धरणापर्यंत. १९८५ साली झालेल्या या धरणात तिथल्या इबान आदिवासींची घरं गेली, त्यांना दुसरीकडे हलवलं, असं वाटाड्या सांगत होता. आमच्याकडे गोसेखुर्द धरण असल्यामुळे मी मध्येमध्ये त्याचं वाक्य पुरं करत होतो.

पुढची वाट लांबट, चिंचोळ्या होडीतून. पाणी उथळ झालं की पुढचा माणूस बांबूनं रेटायचा. तरी अडली, तर पाहुण्यांनी उतरायचं. तिकीट काढून एसटी ढकललेला माणूस मी, कुणी सांगायच्या आत उतरलो.

इबानांचं अख्खं गाव म्हणजे एकच घर. खांबांवर उभी केलेली चाळच म्हणा. एका अंगाला ओळीनं बिऱ्हाडं, दुसऱ्या अंगाला सगळ्यांत मिळून एक लांबलचक ओसरी, तिचं नाव रुआई. पुढं उघड्यावर काळी मिरी वाळत घातलेली, कोंबडी टपलेली आणि तिला हाकलायला एक आजी. थेट आमच्या गच्चीवरच्या कुरडया! घर केवढं, हे दारांवर मोजतात. हे २२ दारांचं होतं. पाहुण्यानं आणलेली भेट तुआई रुमाहच्या, म्हणजे घराच्या पाटलाच्या हाती द्यायची आणि ती दारागणिक सारखी वाटायची, ही तिथली रीत. ती मला डबा उघडल्यावर कळली.

पाटलीणबाई सुरी घेऊन बसल्या. त्यांनी वड्या मोजल्या. १६. मग माझ्याकडे पाहिलं. मग कापायला घेतलं. दमट हवेनं बर्फीला पाझर फुटलेला, ती सुरीला चिकटे. बाई बोटानं निपटून काढत आणि ज्या वाट्यात कमी, त्याला लावत. असे बरोब्बर २२ वाटे झाले, एकेक सुपारीएवढा. मंडळींनी डोळे मिटून खाल्ले. सौ. चटईची वीण निरखत होती. ती अशी काही निरखू लागली की तो विषय पुढं वर्षभर पुरतो.

उकाड्याचं मला काही वाटणार नाही, असा निघताना माझा तोरा होता. ४७ अंश काढलेला माणूस! तिथं पारा ३२च्या आसपास. पण आमचं ऊन कोरडं, ताटीवरचं पाणी वाळतं म्हणून तर कूलर गार करतो. इथं हवा आधीच पाण्यानं भरलेली, घामाला वाळायला जागाच नाही. दोरीवरची बनियन तीन दिवस ओली. मी स्वतःच भिजलेली ताटी झालो होतो, फक्त मागं पंखा नव्हता.

रात्री पांसोह. कोंबडी, आलं, गवती चहा बांबूच्या नळीत भरायचं, कसाव्याच्या पाल्याचं बूच ठोकायचं आणि विस्तवाला लावायचं. चव झकास, खोटं काऊन बोलू? पण सावजीवर पोसलेली जीभ तिखट हुडकत बसली. सौ.नं पर्समधून पुडी काढली. पाटलांनी चिमूटभर चाखली, डोळे पुसले आणि सूड म्हणून तुआकचा पेला माझ्यापुढं केला. तुआक म्हणजे घरी आंबवलेली तांदळाची दारू, दिसायला पातळ ताकासारखी. पंगतीत जिलबी वाढणारे आमचे मामा मी आजवर अजिंक्य समजत होतो. इथं प्रत्येक दाराचा तुआक वेगळा, आणि एकीचा घेतला तर दुसरीचा कसा नाकारणार? त्यातून वर आढ्याला टोपलीत जुन्या कवट्या टांगलेल्या. मुंडकी आणायची चाल कधीच बंद झाली, असं वाटाड्यानं दोनदा सांगितलं होतं. पण "नको" म्हणताना नजर वर जायचीच. नवव्या दारानंतर मी मोजणं सोडलं.

मग पाटलांनी वाटाड्याकरवी विचारलं, "तुमच्याकडे आहेत का जंगलात राहणारी माणसं?"

मी सरसावून बसलो. "आहेत तर! गोंड, माडिया. आमचं नागपूर वसवलंच गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं."

"त्यांच्या घरी पाहुण्याला काय वाढतात?"

माडियांचं भामरागड आमच्याहून एसटीनं एका दिवसाची वाट. मी तीन विमानं बदलून बोर्नियोत बसलो होतो.

"राजाचा वाडा?"

"किल्ला आहे, महाल भागात."

"आतून कसा आहे?"

"मी समोरून स्कूटर काढतो," मी म्हणालो. वाटाड्यानं ते काय भाषांतर केलं देव जाणे, ओसरीभर हशा झाला.

विषय बदलावा म्हणून मी आग्रहाचं आमंत्रण दिलं. या नागपूरला, आमच्याच घरी उतरा. पाटील खुश. "तुमचं घर किती दारांचं?"

"एक."

त्यांनी पुन्हा विचारलं. वाटाड्यानंही माझ्याकडे वळून खात्री करून घेतली. मी एक बोट वर केलं. पाटील पाटलीणबाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलले. त्या उठल्या, कपाट उघडलं आणि स्वतःच्या वाटणीचं बर्फीचं खांड, सुपारीएवढं, माझ्या तळहातावर आणून ठेवलं.