दांडा लांब केला की ताकद फुकट मिळते म्हणे!

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आलाच असेल. तरफ म्हणजे निसर्गाची फुकट एनर्जी, दांडा दुप्पट केला की ताकद दुप्पट अन् मेहनत निम्मी, म्हणून हापसा, पाना, चिमटा, बॅट काहीही घ्या पण दांडा लांबच पाहिजे, असं सगळं त्यात लिहिलंय. खाली आर्किमिडीजचा फोटो. आता ताकद दुप्पट होते हे खरंय भो, पण मेहनत निम्मी होते ही शुद्ध थाप आहे, अन् घोळ सगळा तिथूनच सुरू होतो.

हापशाचंच घ्या, कारण त्यात तर चक्क "दांड्याला पाइप वेल्डिंग करा, कमी कष्टात जास्त पाणी" असा सल्ला दिलाय. गावोगावी दिसतो तो इंडिया मार्क टू हापसा, त्याच्या खालच्या सिलिंडरचा व्यास 63.5 मिलिमीटर. पाणी 100 फुटांवर असेल तर पिस्टनवर पाण्याचाच भार 95 किलोच्या आसपास येतो, सळ्यांचं वजन अजून वेगळं. एवढं वजन शाळकरी पोरगी कशी ओढते? तर दांड्याचं प्रमाण साधारण आठास एक ठेवलंय, सळ्या ओढणारी आतली चेन टेकूच्या जवळ, बाहेर हात लांब, म्हणून तिला फक्त 12 किलोचा जोर लावावा लागतो. पण पिस्टन जेमतेम साडेबारा सेंटिमीटर वर येतो तेव्हा तिचा हात अख्खा एक मीटर खाली गेलेला असतो. 95 गुणिले साडेबारा करा, मग 12 गुणिले 100 करा, दोन्हीकडे 1200 च्या आसपासच येतं, म्हणजे जोरात वाचलं ते अंतरात भरलं, वर बेअरिंगचं घर्षण आपल्याच खिशातून. आता दांडा दुप्पट केला तर जोर 6 किलो, मान्य, पण हात दोन मीटर खाली-वर न्यायचा कोणी? नाही ना जात. मग दांडा अर्धाच हलतो, अन् जिथे एका हापशाला सुमारे 400 मिली पाणी पडत होतं तिथे 200 पडतं. पंधरा लिटरच्या हंड्याला अडतीस-चाळीस वेळा हापसायचं ते पंच्याहत्तर वेळा हापसा आता!

आर्किमिडीजचं म्हणाल तर टेकायला जागा द्या, पृथ्वी हलवतो, हे वाक्य त्याच्या नावावर सांगतात खरं. पण 60 किलोच्या माणसाने पृथ्वीइतकं वजन एक सेंटिमीटर उचलायचं म्हटलं तर त्याच्या बाजूचं टोक जवळपास एक लाख प्रकाशवर्षं खाली जायला पाहिजे. ते फोटोखाली कोणी लिहित नाही.

पान्याचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. गंजलेला नट सोडवायला पान्यावर पाइप चढवतात, हायवेवरचा कोणताही ट्रकवाला ते करतो अन् त्यात काही चूक नाही. पण तोच पाइप लावून नट आवळायचा सल्ला दिलाय, तो डेंजर आहे. छोट्या कारच्या चाकाच्या नटाला 100 न्यूटन-मीटरच्या (पिळायचा जोर मोजायचं माप) आसपास पुरतं, अन् मीटरभर पाइपाच्या टोकाला नुसता दहा किलोचा भार दिला तरी तेवढं होऊन जातं. लोक तर त्यावर उभे राहतात! मग आटे जातात नाहीतर बोल्टच तुटतो, अन् तोही नेमका पुढच्या पंक्चरला.

चिमट्याचं तर पूर्ण उलटं लिहिलंय. चिमट्याचा टेकू मागे, जोर मध्ये, वस्तू टोकाला, म्हणून टोकाशी पकड आपल्या जोरापेक्षा कमीच मिळते आणि टोक लांब केलं की अजून कमी. भरिताचं मोठं वांगं जाळावरून लांब चिमट्याने उचलून बघा, सालटं हातात अन् वांगं राखेत. चिमटा लांब असतो तो हात भाजू नये म्हणून. पकड पाहिजे तर सांडशी, तिचा खिळा तोंडाजवळ असतो. अडकित्त्यातही सुपारी खिळ्याकडे आत सरकवली की पटकन फुटते, दांडा तोच.

राहिली बॅट. इथे ताकद वाढवायचा प्रश्नच नाही, आपण ताकद देऊन वेग घेतो. ढोबळमानाने वरचा हात टेकू, खालचा हात 15 सेंटिमीटरवर जोर लावतो आणि बॉल लागतो 60 वर, म्हणजे तिथे जोर पाव पण वेग चौपट. मग अजून लांब घेतली तर अजून वेग? बॅट तेवढ्याच झपाट्याने फिरली तर हो, पण ती फिरत नाही, कारण तेच वजन दुप्पट लांब नेलं की फिरवायला चौपट जड जातं. नियमातही बॅट 38 इंचांपेक्षा लांब चालत नाही. पोराला बॅट घेताना वरच्या एकाच हाताने ती समोर आडवी धरायला लावा, मनगट खाली पडलं तर एक साइज लहान घ्या. दुकानदार म्हणेल पुढच्या वर्षीही चालेल, मोठीच न्या. यंदा त्याचा बॉल हुकणार त्याचं काय?